जुन्या पिकअप गाडीच्या डिझेल पंपातील दोष कसा ओळखावा

औंढा नागनाथ तालुक्यातील हळद व सोयाबीन हिंगोलीच्या बाजारपेठेत पोहोचविण्याचे काम आज बहुतांशी पिकअप गाड्या करतात. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद भरून निघावे आणि वाटेतील चढावर गाडी बंद पडावी, म्हणजे त्या दिवसाचा लिलाव हुकतो आणि भाड्याचा व हमालीचा भुर्दंड अंगावर येतो. अशा प्रसंगी ‘पंप गेला’ असा निर्णय घाईने घेतला जातो. इंजेक्शन पंप खोलून दुरुस्त करणे हे फार खर्चाचे काम आहे. दोष मात्र पुष्कळदा एखाद्या झिजलेल्या वॉशरमध्ये किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये असतो. म्हणून शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील तपासणी समजून घ्यावी. ही माहिती यांत्रिक पंप असलेल्या जुन्या डिझेल गाड्यांपुरती आहे.

इंधनाचा मार्ग

टाकीतील डिझेल फीड पंप ओढून घेतो व फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे ढकलतो. इंजेक्शन पंप ते मोठ्या दाबाने नोझलकडे पाठवितो. काही गाड्यांत वेगळा फीड पंप नसतो. तेथे ओढण्याचे काम इंजेक्शन पंपच करतो व हातपंप फिल्टरच्या डोक्यावर बसविलेला असतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पंपाच्या पुढील नळीचा सांधा ढिला झाला, तर तेथून डिझेल गळते व दोष डोळ्यांना दिसतो. परंतु टाकी ते पंप या भागात ओढ असते. तेथील सांधा ढिला झाल्यास डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. सांधा कोरडा दिसतो आणि तोच अपराधी असतो.

लक्षणे व त्यांचा अर्थ

१. सकाळी हातपंप मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही : रात्रीतून डिझेल टाकीकडे परतते. नळीत हवा शिरते किंवा फीड पंपाची झडप नीट बसत नाही.

२. गाडी चालू होते, पण काही वेळाने बंद पडते : टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असावे किंवा फिल्टर तुंबला असावा.

३. सपाटीवर ठीक, पण भार घेऊन चढावर दम तोडते : फिल्टर किंवा फीड पंप तपासावा.

४. एन्जिन ऑइलची पातळी आपोआप वाढते व त्यास डिझेलचा वास येतो : पडद्याच्या फीड पंपाचा पडदा फाटला असण्याचा संभव असतो. अशी गाडी चालवू नये. ऑइल पातळ होऊन बेअरिंगे खराब होतात.

५. काळा धूर : प्रथम हवेचा फिल्टर व नोझल पाहावे.

तपासणीचा क्रम

स्वस्त व सोप्यापासून प्रारंभ करावा.

(अ) टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवून पाहावी. सुधारणा झाल्यास झाकणाचे छिद्र साफ करावे.

(आ) फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असल्यास ते तळाशी वेगळे दिसते.

(इ) टाकीकडून येणारी नळी फीड पंपापासून सोडवावी. नव्या नळीने पंप स्वच्छ डिझेलच्या कॅनशी जोडावा व हवा काढून घ्यावी. कॅन जमिनीवरच ठेवावा. उंचावर ठेवल्यास डिझेल आपोआप उतरते आणि पंपाची परीक्षा होत नाही. एन्जिन नीट चालले, तर दोष टाकीत वा नळीत आहे. न चालल्यास पुढे जावे.

(ई) फीड पंपाची बाहेर जाणारी नळी सोडवून बाटलीत धरावी व सहकाऱ्यास स्टार्टर मारण्यास सांगावे. ठोक्याठोक्याने जोरकस धार आली पाहिजे. धार मंद असल्यास पंप व त्याची जाळी तपासावी.

(उ) विजेवर चालणारा स्टॉप व्हॉल्व्ह असल्यास चावी फिरविताच तेथे ‘टिक्’ असा आवाज येतो. तो न आल्यास फ्यूज व तार पाहावी.

हे सर्व ठीक असूनही दोष राहिला, तरच इंजेक्शन पंप जाणत्या कारागिराकडे न्यावा.

हवा काढणे

फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा व स्क्रू आवळावा. नंतर इंजेक्शन पंपावरील स्क्रूची हीच कृती करावी. स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक मारू नये.

सावधगिरी

जवळपास विडी किंवा काडी पेटवू नये. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. ती धार कातडीत शिरते व गंभीर इजा करते. कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत दाब कित्येक पटींनी अधिक असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या डिझेल गाड्या या प्रकारच्या आहेत. त्यांच्या दाबाच्या नळ्या घरी सैल करू नयेत.

निगा

सायंकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेतील हवेतून पाणी साचते. पिंपातील डिझेल एक दिवस स्थिर राहू द्यावे व तळाचे टाकीत घालू नये. रॉकेल मिसळू नये. डिझेल हेच पंपाच्या सूक्ष्म भागांचे वंगण आहे. हळदीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी फिल्टर बदलावा व तांब्याचे काही वॉशर गाडीत ठेवावेत. एवढ्या अल्प खर्चाने बाजाराचा दिवस वाया जाण्याचे टळेल.