धाब्याचं घर की सांडपाण्याचा प्लांट?

प्रश्न : मी धाडची, बारावी विज्ञानला आहे. पर्यावरणपूरक इमारतींचं काम करायचंय. आर्किटेक्चर घेऊ की सिव्हिल?

उत्तर : मे महिन्यात एक दुपार जुन्या धाब्याच्या घरात बस, दुसरी पत्र्याखाली. दर तासाला थर्मामीटर बघून वहीत लिही. मातीची जाड भिंत उष्णता आत यायला उशीर का लावते, या कोड्यात मन रमलं तर पाच वर्षांचं बी.आर्क. घे. पाणी शुद्ध करणं, सांडपाणी, कचरा हे जास्त ओढत असेल तर सिव्हिल, मग पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. नागपूरच्या व्हीएनआयटीत दोन्ही वाटा आहेत, बी.आर्क.साठी जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर दे. इतर कॉलेजांसाठी ‘नाटा’ ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षाही दे. १९५८ मध्ये सुरू झालेली ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्थाही नागपुरातच आहे. पर्यावरणपूरक इमारतींच्या ‘गृह’ मानांकनाचा अभ्यास पदवीनंतर केलास तरी चालेल.