विवाहाचें चलच्चित्र

‘वऱ्हाड’ हा शब्द आम्हांस दोन अर्थांनीं परिचित आहे. तें आमच्या प्रांताचें नांव आहे आणि लग्नास निघालेल्या मंडळींचेंही. लग्नसराईंत चिखली, मेहकर, खामगांव, मलकापूर या बाजूंच्या रस्त्यांवर हे दोन्ही अर्थ एकत्र चालतांना दिसतात. पूर्वी अशा प्रसंगाची आठवण म्हणून एखादा फोटो निघे. आज मोबाईलमुळें चलच्चित्रही घेतां येतें. ज्या घरीं धंदेवाईक छायाचित्रकार बोलावण्याची ऐपत नसते, तेथें हें काम शाळेंत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे येतें. म्हणून त्याचे कांहीं नियम येथें सांगतों.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिए बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. पुढें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकारांनीं विलायतेहून यंत्र मागविलें आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्रण केलें. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ सालीं मायदेशीं परतले, तेव्हां त्यांच्या स्वागताचेंही चित्र सावेदादांनीं घेतलें. नाटकांतील प्रवेश चुकला तर पुन्हा वठवितां येतो. अशा स्वागताचा क्षण पुन्हा येत नाहीं. विवाहाचेंही तसेंच आहे.

यास्तव पहिला नियम जागेचा. मंगलाष्टकें संपून अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, माळा घातल्या जातात. हें सारें थोड्या क्षणांत उरकतें आणि त्याच वेळीं मंडळी पुढें सरसावतात. वधूवर समोरासमोर असल्यामुळें बाजूस उभें राहिल्यास दोघांचेही चेहरे दिसतात. ही जागा भटजींना विचारून आधींच ठरवावी. चर्चमधील विवाहांत वचनांचे शब्द ऐकूं येणें महत्त्वाचें. तेथें पाळकसाहेबांची परवानगी घेऊन शक्य तितकें जवळ, परंतु उपासनेस अडथळा न होईल असें उभें राहावें.

दुसरा नियम प्रकाशाचा. उन्हाळ्यांत मांडवाबाहेर लख्ख ऊन आणि आंत सावली असते. यंत्र बहुधा सबंध चौकटीचा प्रकाश सरासरीनें मोजतें. म्हणून वधूवरांच्या मागें उजेड आला कीं त्यांचे चेहरे काळवंडतात. उजेड आपल्या पाठीशीं ठेवावा. गोरज मुहूर्त असेल तर दिवे लागतात. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळें कांहीं दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळां कमीअधिक होतो. सेकंदाला २५ चित्रें आणि प्रत्येक चित्रास १/५० सेकंद प्रकाश अशी योजना केली, म्हणजे प्रत्येक चित्रावर प्रकाशाचीं बरोबर दोन स्पंदनें पडतात आणि पडद्यावर काळे पट्टे धांवत नाहींत.

तिसरा नियम स्थैर्याचा. मोबाईल आडवा धरावा, कोपर अंगाशीं टेकवावेत आणि एक दृश्य मनांत दहा अंक मोजेपर्यंत हलवूं नये. आधीं सबंध मांडव, मग माणसें, मग चेहरे, असा क्रम ठेवावा. ध्वनिक्षेपकाजवळ उभें राहूं नये; त्याच्या आवाजांत बाकीचें सर्व बुडून जातें.

चौथा नियम यंत्राचा नाहीं, मनाचा आहे. वधूवरांचीं चित्रें सर्वच घेतात. परंतु कोपऱ्यांत बसलेली आजी, हळदीचें गाणें म्हणणारी आत्या, कढईपुढें घामाघूम झालेला चुलता, हीं माणसें कोण टिपणार? वीस वर्षांनीं घरची मंडळी हें चित्र पाहतील, तेव्हां त्यांचे डोळे आधीं याच चेहऱ्यांना शोधतील आणि यांतील कित्येकांचा आवाज दुसरीकडे कोठेंही उरलेला नसेल. मात्र पाठवणीच्या वेळीं रडणाऱ्या आईच्या तोंडासमोर यंत्र नेऊं नये. दूर उभें राहावें. कांहीं अश्रू घरच्यांचेच असूं द्यावेत.

शेवटची गोष्ट जतनाची. व्हीएचएस फीत १९७६ सालीं जपानांत निघाली व पुढें आपल्याकडेही अनेक लग्नें तिच्यावर उतरलीं. त्या फिती कालांतरानें क्षीण होतात आणि त्या चालविणाऱ्या नव्या यंत्रांचें उत्पादन २०१६ सालीं थांबलें. म्हणून आपल्या चित्राच्या निदान दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्यात. पालकांनींही कपाटांतील जुनी फीत वेळींच उतरवून घ्यावी. विद्यार्थ्यांनीं घरच्या लग्नाची वाट न पाहतां शाळेच्या स्नेहसंमेलनांत हे नियम करून पाहावेत. तेथें झालेली चूक सुधारतां येते. अंतरपाट मात्र एकदांच दूर होतो.