जुन्या मोटारीतील गोंगाट : थोडे भौतिकशास्त्र, थोडी घोंगडी

स्वयंपाकघरातले एक स्टीलचे ताट घ्या. त्याच्या कडेला दोऱ्याची फास अडकवून ते टांगा आणि चमच्याने हलकेच ठोका. ताट बराच वेळ वाजत राहील. आता लिंबाएवढा कणकेचा गोळा घेऊन तो ताटाच्या अगदी मध्यभागी दाबून चिकटवा आणि पुन्हा ठोका. नाद थोडा बदलेल, पण ताट वाजेलच. मग तोच गोळा कडेला चिकटवा. आता ‘टण्‌ण्‌’ऐवजी ‘थप्’ एवढाच आवाज येईल.

गोळा तोच, ताट तेच, मग जागा बदलल्याने एवढा फरक का पडावा? टांगलेल्या ताटाची कड सर्वांत जास्त हलते आणि मध्य जवळजवळ स्थिर असतो. कणीक हलली तरच ती आतल्या आत घसटते आणि कंपनाच्या ऊर्जेची उष्णता करते. स्थिर जागी चिकटवलेल्या कणकेला काही कामच उरत नाही. कंपने अशी शमवण्याला आपण अवमंदन म्हणतो. हा प्रयोग लक्षात ठेवा, कारण या लेखातील निम्मे शहाणपण त्यात आहे.

आता माझ्या गाडीकडे वळू. ती वीस वर्षांची, तीन सिलिंडरची, पातळ पत्र्याची छोटी गाडी आहे. दर महिन्याला आईला घेऊन आम्ही साताऱ्याहून पुण्याला जातो. अंतर सुमारे ११० किलोमीटर. आईचे वय पंचाहत्तरच्या पुढे, कानाला श्रवणयंत्र. ती मागे बसते. गेल्या वर्षी तिने प्रवासात बोलणेच सोडून दिले. विचारले तेव्हा म्हणाली, “अरे, तुम्ही पुढे काय बोलता ते मला काही कळत नाही. नुसतं घूंऽ होतं. मग मी आपली खिडकीबाहेर बघते.” मला मात्र पुढे बसून तसे घूंऽ काही ऐकू येत नव्हते. वय झाले, कान गेले, असे मी मनाशी म्हटले. ते चूक होते, हे पुढे कळेल.

गाडीचा आवाज कमी करून देणाऱ्या एका दुकानात चौकशी केली. सांगितलेली किंमत ऐकून मी चहा न घेताच परत आलो. मग जे पुष्कळ लोक करतात तेच केले. दारांच्या आतले अस्तर काढून पोकळीत थर्मोकोलचे तुकडे ठासून भरले. परिणाम शून्य! शिवाय पहिल्याच पावसात दारातून पाण्याची डुचमळ ऐकू येऊ लागली. काचेवरून दारात उतरणारे पाणी बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोके असतात. थर्मोकोलच्या चुऱ्याने ती बुजली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर दाराचा तळ गंजून गेला असता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने असे करावे हे काही बरे नव्हे. पण थर्मोकोल का हरला हे समजून घेण्यासारखे आहे.

आवाजाशी तीन प्रकारे लढता येते आणि हे तीन प्रकार एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. पहिला प्रकार अवमंदनाचा, तो आपण ताटावर पाहिला. दुसरा, आवाजाला अडवणे. त्यासाठी वजन लागते, कारण जड भिंत हलवायला हवेला कष्ट पडतात. भिंतीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले की पलीकडे जाणारा आवाज साधारण ६ डेसिबेलनी उतरतो. तिसरा प्रकार म्हणजे आवाज शोषणे. त्यासाठी सच्छिद्र पदार्थ लागतो. हवेचे कण त्याच्या बारीक वाटांतून मागेपुढे होताना घासतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. आता थर्मोकोल पाहा. त्यात ९८ टक्के हवाच, म्हणून वजन नाही. हवेचे बुडबुडे सगळीकडून बंद, म्हणून शोषण नाही. तो कडक असून पत्र्याला नुसता टेकलेला, म्हणून अवमंदनही नाही. तिन्ही परीक्षांत नापास!

एखादे कापड किंवा फोम आवाज शोषील की नाही हे ओळखण्याची सोपी युक्ती सांगतो. ते तोंडाला लावून फुंकर मारा. हवा मुळीच गेली नाही तर उपयोग नाही. सहज आरपार गेली तरीही उपयोग नाही. थोडा जोर लावून गेली तर पदार्थ कामाचा. थर्मोकोल, स्पंज, गोणपाट, जुनी घोंगडी असे चारपाच पदार्थ घेऊन वर्गात ही परीक्षा घेण्यासारखी आहे. आमच्या घरच्या घोंगडीला पहिला क्रमांक मिळाला.

डेसिबेलबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ही मोजणी बेरजेची नसून गुणाकाराची आहे. १० डेसिबेल वाढ म्हणजे ऊर्जा दहापट, ३ डेसिबेल वाढ म्हणजे सुमारे दुप्पट. ७० डेसिबेलची दोन यंत्रे शेजारी लावली तर १४० होत नाहीत, ७३ होतात. याची दुसरी बाजू व्यवहारात फार महत्त्वाची आहे. दोन वाटांनी आवाज येत असेल आणि त्यांतली एक वाट मोठी असेल, तर लहान वाट पूर्ण बंद केली तरी कानाला काही कळत नाही. म्हणून मोठी वाट आधी शोधायची.

मोठी वाट कोणती? हिशेब करून पाहू. ०.८ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो. १००० हर्ट्झच्या आवाजाची साधारण एक हजारांश ऊर्जाच त्यातून पलीकडे जाते. दाराचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरा. दाराभोवतीचे रबर म्हातारे होऊन अडीच मीटर लांबीत २ मिलिमीटरची फट पडली आहे असे समजा. फटीचे क्षेत्रफळ झाले ५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाराचा दोनशेवा भाग. फटीतून ऊर्जा जवळजवळ विनाअडथळा येते. म्हणजे सगळ्या पत्र्यातून येते त्याच्या पाचपट ऊर्जा त्या क्षुल्लक फटीतून आत येते. अशा दारावर महागडे अस्तर चढवणे म्हणजे खिडकी उघडी टाकून भिंत जाड करण्यासारखे आहे.

फट शोधायला पैसे लागत नाहीत. वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथले रबर मेले. अशा प्रत्येक जागेवर खडूने खूण करा. नंतर रात्री एका मित्राला टॉर्च घेऊन गाडीत बसवा आणि बाहेरून पाहा. माझ्या गाडीत क्लचच्या केबलचे भोक आणि गिअरच्या दांड्याभोवतीचे फाटके रबर यांतून चांगला उजेड दिसला. दोन दारांची नवी रबरे आणि भोकांत बसवायची रबरी बुचे एवढेच घेतले. निम्मा खर्च येथेच झाला आणि निम्मा फायदाही.

त्यानंतर पत्रा. दार बाहेरून बोटाच्या पेराने ठोकून पाहा. कडेला ‘टक्’ वाजते, मध्यभागी ‘ढब’. ताटाच्या उलट येथे कडा घट्ट जोडलेल्या आणि मध्य मोकळा, म्हणून मध्यच जास्त हलतो. सगळा पत्रा मढवण्याची गरज नाही. मधला तिसरा हिस्सा झाकला तरी ‘ढब’चा ‘थप्’ होतो. यासाठी मी छपराची गळती बंद करायची ब्युटिल रबराची टेप वापरली. तिच्या पाठीवर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. या पत्र्यामुळेच ती कणकेपेक्षा हुशार ठरते. दाराचा पत्रा वाकतो, अॅल्युमिनियम ताणायला तयार नसते, आणि दोहोंच्या मधले चिकट रबर घुसळून निघते. चिकटवण्याआधी पत्रा धुऊन, स्पिरिटच्या बोळ्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर महिन्याभरात टेप सुटेल. टेपवर चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासा. डांबराची टेप स्वस्त मिळते, पण ती घेऊ नका. वैशाखातल्या उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो. त्या उष्णतेत डांबर मऊ होऊन घसरते आणि गाडीत वास भरून राहतो.

जमिनीवर, म्हणजे पायाखाली, घोंगडी आली. आधी पत्र्यावर थोडी टेप, तीवर घोंगडीची दुहेरी घडी आणि सर्वांत वर जुने जड रबरी पायपुसणे. वरचे जड रबर आणि खालची मऊ लोकर मिळून स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखे वागतात. खालच्या पत्र्याची जलद कंपने त्या वजनापर्यंत पोचतच नाहीत. मात्र चालकाच्या पायाशी काहीही सैल ठेवायचे नाही. ब्रेकखाली घडी सरकली तर आवाजाचा प्रश्न कायमचाच सुटेल! तसेच इंजिनाच्या बाजूला आणि सायलेन्सरच्या वरच्या तापणाऱ्या भागावर लोकर, फोम किंवा टेप यांपैकी काही लावायचे नाही. आग लागू शकते. आणि पावसाळ्यात घोंगडी दर आठवड्याला काढून वाळवायची, कारण ओल धरलेल्या लोकरीखाली पत्रा गंजतो.

हे सगळे झाल्यावर शिरवळच्या पुढच्या सपाट रस्त्यावर मोजणी केली. गाडी मी चालवत होतो, मोबाइल शेजारी मुलीच्या हातात. तोच रस्ता, ताशी ६० किलोमीटर, काचा बंद, पंखा बंद. मोबाइलचा आकडा खरा किती हे सांगता येत नाही, पण त्याच मोबाइलच्या दोन आकड्यांतला फरक बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. सुरुवातीला ७५ डेसिबेल होते. फटी बुजवल्यावर ७३, टेपनंतर ७२, घोंगडीनंतर ७१. चार डेसिबेल म्हणजे ध्वनीची ऊर्जा अडीचपटीने कमी. मी खूष होतो. आईला विचारले. ती म्हणाली, “हो, खडखड कमी झाली. पण घूंऽ आहेच की!”

तेव्हा मी मुलीला गाडी चालवायला दिली आणि स्वतः आईशेजारी मागे बसलो. हे मी सहा महिने आधी करायला हवे होते. ताशी ७५ च्या सुमारास कानांवर कोणीतरी तळवे दाबून धरल्यासारखे झाले. तसे पुढे वाकून मी डोके पुढच्या सीटजवळ नेले आणि घूंऽ जवळजवळ नाहीसा झाला! मागे टेकलो की परत आला. विद्यार्थी मित्रांनो, हा तुमच्या पाठ्यपुस्तकातला स्थिर तरंग. दोन्ही टोके बंद असलेल्या नळीप्रमाणे गाडीच्या आतली हवा वागत होती. समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत डोक्याच्या उंचीवर अंतर मोजले, ते २.२ मीटर भरले. नळीत अर्धी तरंगलांबी बसते, म्हणून पूर्ण तरंगलांबी ४.४ मीटर. गरम हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला तर वारंवारता येते सुमारे ८० हर्ट्झ. अशा तरंगात हवेच्या दाबाचा चढउतार दोन्ही टोकांशी सर्वांत मोठा आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. चालकाचे डोके मध्याजवळ, आईचे मागच्या टोकाशी. तिचे कान ठीकच होते. माझीच जागा फसवी होती.

मग हे ८० हर्ट्झ येतात कोठून? चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन चक्रांत एकदा पेट घेतो. तीन सिलिंडर म्हणजे एका चक्राला दीड स्फोट. मिनिटाला ३२०० चक्रे, म्हणजे सेकंदाला ५३.३. त्याची दीडपट बरोबर ८०. माझ्या गाडीत चक्रे दाखवणारा काटा नाही, पण चौथ्या गिअरमध्ये ताशी ७५ ला इंजिन याच्या आसपासच फिरते. इंजिनाचा ठोका आणि डब्यातल्या हवेची स्वतःची वारंवारता जुळली की अनुस्पंदन होते. मोबाइलने हा घूंऽ दाखवला नाही यातही नवल नाही. असे मापक बहुधा माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे आकडे सुधारून देतात आणि ८० हर्ट्झला सुमारे २२ डेसिबेल वजा करतात. घोंगडीही येथे हतबल आहे. शोषक पदार्थ चांगला चालायचा तर त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या भागाच्या आसपास हवी. १००० हर्ट्झला साडेआठ सेंटिमीटर, म्हणून त्याहून पातळ थरही तेथे थोडेफार काम करतो. पण ८० हर्ट्झला लागते १.१ मीटर! एवढी घोंगडी भरली तर आईला बसायला जागा उरणार नाही.

श्रवणयंत्र लावणाऱ्याला असा खालच्या पट्टीतला घोष फार छळतो. यंत्र बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा करते. शिवाय जोरदार खालचे स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतात. शब्द ओळखू येतात ते स, त, क यांसारख्या व्यंजनांमुळे, आणि ती वरच्या पट्टीतली. वयाबरोबर आधी नेमकी तीच ऐकू येईनाशी होतात.

असा आवाज आत आल्यावर मारता येत नाही, तो उगमापाशीच धरावा लागतो. आमच्या मेकॅनिकने गाडीखाली जाऊन पाहिले. सायलेन्सर ज्या रबरी कड्यांवर लोंबतो त्यांतले एक तुटलेले होते आणि नळी थेट पत्र्याला टेकली होती. इंजिनाच्या फाउंडेशनची रबरे दगडासारखी कडक झाली होती. रबर कडक झाले की स्प्रिंग ताठ होते, तिची स्वतःची वारंवारता वर सरकते आणि इंजिनाची कंपने ती अडवण्याऐवजी पुढे पोचवते. कडी आणि रबरे बदलली. दारांची रबरे, टेप आणि हे सर्व धरून खर्च साडेचार हजारांच्या आत राहिला. घोंगडी घरचीच.

पुढच्या खेपेला खंबाटकीचा घाट उतरून गाडीने वेग घेतला, तेव्हा मी आणि मुलगी तिच्या परीक्षेतल्या गुणांबद्दल हळू आवाजात काही बोलत होतो. मागून आई म्हणाली, “किती पडले म्हणालीस?” मुलीने माझ्याकडे पाहिले. गाडी बरोबर ताशी ७५ वर होती.