भाकरी, पाव आणि पिझ्झा : रोजच्या अन्नातील प्रादेशिक भेदांचा पाठ

‘आपले अन्न’ हा पाठ प्राथमिक शाळेत सोपा समजला जातो. फळ्यावर पाचसहा धान्यांची नावे लिहावी, कोणत्या जिल्ह्यात काय पिकते ते घोकून घ्यावे आणि पुढच्या पाठाकडे वळावे, असाच बहुधा परिपाठ असतो. वास्तविक ज्या विषयाची प्रत्यक्ष माहिती मुले घरूनच घेऊन येतात, तो विषय सर्वांत जिवंत व्हावयास हवा. तसे होत नाही, याचे एक कारण असे की, अन्नातील भेद आपण सांगतो, पण ते का पडले हे सांगत नाही. कारण न सांगितलेला भेद मुलांच्या मनात उच्चनीचतेचे रूप घेतो. चित्रातील ताटात पोळी व वरणभात असावा आणि वर्गातील एखाद्या मुलाच्या फडक्यात बाजरीची भाकरी व ठेचा असावा, एवढ्यावरूनच ते मूल फडके झाकून खाऊ लागते. हे थांबविणे शिक्षकाच्या हातचे आहे, आणि त्यासाठी उपदेशापेक्षा भूगोलाचा उपयोग अधिक होतो.

आरंभ भाकरीपासून करावा. सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहून दोन्ही बाजूंस पाहिले, तर महाराष्ट्राच्या अन्नाचा नकाशाच समोर उलगडतो. पश्चिमेस कोकणात वर्षाला २,५०० मिलिमीटर व त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तेथे खाचरात भात आणि डोंगरउतारावरील तांबड्या, हलक्या मातीत नाचणी व वरी. म्हणून कोकणातील भाकरी तांदळाची किंवा नाचणीची. घाट उतरून पूर्वेस माण, खटाव, आटपाडी या भागांत यावे, तो पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. ढग तेच, परंतु डोंगराने त्यांचे पाणी अलीकडेच उतरवून घेतलेले असते. येथे भाताचे नाव काढावयास नको. हलक्या, मुरमाड जमिनीत पावसाळी बाजरी येते. नाशिक, अहिल्यानगर व धुळे या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यातही तीच. सोलापूर, मंगळवेढा व मराठवाड्याचा काही भाग यांची गोष्ट आणखी निराळी. तेथील खोल काळी जमीन परतीच्या पावसाचे पाणी पोटात साठवून ठेवते आणि त्या ओलीवर व थंडीतील दवावर रब्बीची ज्वारी उभी राहते. पेरणीनंतर पावसाचा एक थेंब न पडताही पीक हाती येते, हे कोकणातल्या मुलास सांगितले तर त्यास खरे वाटणार नाही! अगदी पूर्वेस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली येथे पुन्हा पाऊस वाढतो, गावोगावी जुने तलाव आहेत, आणि ताटात पुन्हा भात येतो.

इतके सांगितल्यावर मुलांनीच विचारावे असा प्रश्न उरतो : भाकरी थापतात आणि पोळी लाटतात, असे का? येथे एक प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. त्यास खर्च काही नाही. मूठभर गव्हाची कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवावी आणि मग तिचा गोळा पाण्याच्या भांड्यात हळूहळू चोळून धुवावा. पाणी पांढरे होत जाते, कारण त्यातील पिष्ट वाहून जाते. पण हातात शेवटी रबरासारखा ताणला जाणारा चिकट लगदा उरतो. यास ग्लुटेन म्हणतात. आता ज्वारीच्या पिठाचा गोळा तसाच धुवावा. तो विरघळून जातो, हातात काही उरत नाही. गव्हातील हे चिकट जाळे पोळीस ताणू देते, पापुद्रे धरू देते. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत ते नाही. म्हणून आपल्या घरातील बायांनी दुसरी युक्ती योजली : पिठात कढत पाणी घालावयाचे, म्हणजे पिष्टच फुगून थोडे चिकट होते, किंवा तांदळाच्या पिठाची सरळ उकडच काढावयाची, आणि काठवटीत तळहाताने भरपूर मळून, थापून, वर पाण्याचा हात फिरवून ती तव्यावर टाकावयाची. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरीच्या कडा चिरतात. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते, कारण त्यात स्निग्धांश अधिक असतो आणि तो खवट पडतो. म्हणून बाजरी खाणाऱ्या घरात दळण थोडे थोडे व वरचेवर. पूर्वीच्या काळी पहाटेची जात्यावरची घरघर ही केवळ रीत नव्हती. त्यामागे धान्याचा हा स्वभावही होता.

याच सूत्राने परदेशाकडे वळता येते. फुगलेला पाव हा मूलतः गव्हाच्याच प्रदेशातला पदार्थ, कारण आंबविताना निघणारा वायू धरून ठेवणारे जाळे गव्हातच आहे. उत्तर युरोपात जमीन रेताड आणि हवा थंड. तेथे गहू नीट येत नाही, राय नावाचे धान्य येते. रायचा पाव काळा, जड व आंबट असतो, आणि त्या लोकांस तोच आवडतो. पश्चिम फिनलंडमध्ये रायच्या चपट्या पावास मध्ये भोक ठेवीत व तो छपराखालच्या काठीत ओवून वाळवीत; भट्टी वर्षातून मोजक्याच वेळा पेटे. इथिओपियात टेफ या बारीक धान्याचे पीठ आंबवून इंजेरा करतात. ज्यांनी आंबोळी पाहिली आहे त्यांस इंजेरा सहज ओळखता येईल.

आपल्याकडे पाव आला तो गोव्यावाटे. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यांस पाव हवा होता, पण आंबविण्याचे त्यांच्या देशातील साधन येथे मिळेना. तेव्हा माडाची सूर वापरली गेली. पाव हा शब्द पोर्तुगीज, आणि पाव भाजणाऱ्यास गोव्यात आजही ‘पोदेर’ म्हणतात, तोही तिकडचाच शब्द. पण उंडो, कोंड्याची पोय, कातऱ्याने चिरा दिलेला कातरे पाव, कांकणाच्या आकाराचा कडक कांकण हे सर्व प्रकार गोव्याचे होऊन गेले. पुढे गोव्याच्या पोदेरांनी हा व्यवसाय मुंबईत नेला. परका पदार्थ आपला कसा होतो, याचे याहून जवळचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

पिझ्झा हे नाव आता खेड्यातील मुलांसही ऐकून ठाऊक असते. ते टाळण्यात अर्थ नाही. तो मूळचा इटलीतील नेपल्स शहराचा, आणि गरिबांचा. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या लाकडी भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजलेली, मध्ये मऊ व कडेस फुगलेली ती एक रोटीच होय. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेस मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. पण त्याच देशात रोममध्ये पिझ्झा पातळ व कुरकुरीत, सिसिली बेटावर जाड व कांद्याचा. इटालियन कष्टकरी अमेरिकेस गेले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तो घडी घालून हातात धरण्याजोगा झाला, आणि १९४३ पासून शिकागोत खोलगट भांड्यात भाजलेला जाडजूड पिझ्झा निघाला. आपल्या वर्गात ‘खरी भाकरी कोणाची?’ हा वाद निघाला, तर शिक्षकाने पिझ्झाची ही गोष्ट सांगावी. हाच वाद तिकडेही होतो आणि तो तितक्याच त्वेषाने होतो.

बार्बेक्यूची हकिगत थोडक्यात सांगितली तरी चालेल. लाकडाच्या मंद आचेवर व धुरावर तासन्‌तास शिजविलेले मांस म्हणजे बार्बेक्यू. शब्द कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांकडून स्पॅनिश भाषेमार्गे आला. अमेरिकेच्या कॅरोलिना भागात डुकरे पाळीत, म्हणून तेथे डुकराचे मांस व सिरक्याचे आंबट पाणी. टेक्सासात गुरांची मोठी कुरणे, म्हणून तेथे गोमांस. जळणही जवळच्या रानातलेच. मांस न खाणाऱ्या घरांतील मुले वर्गात असतील. त्यांस याच जातीची आपल्याकडील उदाहरणे द्यावी. सोलापूर-मराठवाड्यात ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हुरडा खातात; रायगडात हिवाळ्यात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा भरतात आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात, ती पोपटी. भात निघाल्यावर शेतातील उरलेल्या ओलीवर तेथे वाल येतो, म्हणून पोपटी रायगडाची. काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी येते, म्हणून हुरडा तिकडचा. शेतातील जाळ एकच, त्यात काय पडावे हे जमीन ठरविते.

येथवर भूगोलाने साथ दिली. मात्र ‘अन्न जमिनीतून येते’ हे सूत्र ताणून, ‘आपले ते अनादि काळापासून आपलेच’ असे सांगण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्ये मूळची आफ्रिकेची. काही हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन झाले, तेथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे मुख्य धान्य जव होते. ठेच्यातील मिरची व चटणीतील भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आली. पिझ्झावरचा टोमॅटोही तिकडचाच. ज्ञानेश्वरांच्या काळच्या ताटात मिरची नव्हती, हे ऐकून वर्ग थक्क होतो, असा पुष्कळ शिक्षकांना अनुभव येईल.

दुसरी सावधगिरी आरोग्याची आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मका अमेरिकेतून उत्तर इटलीत गेला व तेथील गरीब शेतकरी मक्याच्या घाट्यावर, म्हणजे पोलेंटावर, जगू लागले. त्यांच्यात एक रोग पसरला : कातडी काळवंडून खरखरीत होणे, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रंश. १७७१ मध्ये फ्रापोली या इटालियन वैद्याच्या लेखनात त्यास पेलाग्रा हे नाव आले. मेक्सिकोतील लोक शतकानुशतके मका खात होते, त्यांस हा रोग सहसा होत नसे. कारण ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्यामुळे त्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळते. धान्याने समुद्र ओलांडला, रांधण्याची रीत मागेच राहिली. आपल्या दख्खनमध्येही हे घडले आहे. हैदराबादच्या परिसरात प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळतो, हे गोपालन व श्रीकांतिया या संशोधकांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. ज्वारीतील ल्युसीन हा घटक त्यास कारण असावा, असे त्यांनी मांडले. त्या कारणाबद्दल पुढे मतभेद झाले. परंतु ज्यांच्या ताटात डाळ, दूध, पालेभाजी होती, त्यांस ज्वारीने कधी अपाय केला नाही. तेव्हा वर्गात भाकरीचा अभिमान सांगताना तिच्यासोबत काय होते हेही सांगावे. पिठले, हरभऱ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक, बाजरीवरचे तीळ या जोड्या चवीपुरत्याच नाहीत. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात ते अगदीच थोडे; कोकणातील मुलाने नाचणी सोडून नुसत्या भातावर राहणे यात प्रतिष्ठा वाढली तरी हाडे वाढत नाहीत.

अन्नातील भेद पुसले जात आहेत, तेही मुलांस दिसते. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी व सुकडी खाऊन दिवस काढल्याच्या आठवणी गावातील वृद्ध सांगतील. पुढे कालव्याचे पाणी, ऊस व स्वस्त धान्य दुकानातील गहू-तांदूळ यांनी कित्येक घरांतील भाकरी कमी केली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरांत नाचणीची बिस्किटे महाग विकली जाऊ लागली. ज्याने नाइलाजाने भाकरी खाल्ली त्याच्या पोळीच्या इच्छेस मात्र कोणी हसू नये. दुष्काळी गावात गव्हाची पोळी ही सणाची वस्तू होती, हे विसरून चालणार नाही.

आता पाठाच्या रीतीविषयी दोन शब्द. ‘काल रात्री कोण काय जेवले?’ हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. ज्या घरी चूल पेटली नसेल त्या मुलास खोटे बोलावे लागते, आणि मांसाहाराचा उल्लेख निघाल्यास मुले एकमेकांची जात ताडू लागतात. त्याऐवजी ‘आपल्या शिवारात काय पिकते?’, ‘तुमच्या आजीच्या माहेरी कशाची भाकरी करीत?’ असे विचारावे. आजीचे माहेर बहुधा दुसऱ्या तालुक्यात असते, त्यामुळे एकाच वर्गात चारपाच प्रदेश आपोआप जमतात. ती गावे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या नकाशावर खुणेने दाखवून, प्रत्येक खुणेजवळ त्या धान्याचे चार दाणे खळीने चिकटवावे. मग शेजारी पावसाचा नकाशा लावून, दोहोंचा मेळ बसतो की नाही हे मुलांनाच पाहू द्यावे. एखादे गाव मेळ मोडील, कारण तेथे कालवा असेल किंवा मोठा तलाव. अशा गावावर अधिक वेळ थांबावे.

ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील शाळांतून बीड व आसपासच्या भागातील मुले काही महिने बसतात. त्यांच्यासाठी नकाशावर बीडची जागा आधीच मोकळी ठेवावी, आणि तेथे दाणे चिकटविण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. बाजरी की ज्वारी, हे शिक्षकाने सांगू नये. ती मुले सांगतील.