संकटसमयीं देवाच्या गौरवासाठीं प्रार्थना

शास्त्रपाठ : २ राजे १९:१-१९, योहान १२:२३-३३.

घरांत दुखणें आलें, पाऊस गेला, किंवा सावकार दारीं येऊन बसला, म्हणजे आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "प्रभो, सोडीव" हाच. हें पाप नव्हे. मूल पडलें म्हणजे बापालाच हांक मारितें. परंतु त्या हांकेबरोबर दुसरी एक मागणी आपणांस ह्या पाठांत शिकावयाची आहे.

१. हिज्कीया राजाची प्रार्थना. इ. स. पूर्वी ७०१ सालीं अश्शूरचा राजा सन्हेरीब ह्यानें यहूदावर स्वारी केली. त्याचा कोरीव लेख निनवेच्या अवशेषांत १८३० सालीं सांपडला. त्यांत यहूदाचीं ४६ तटबंदीचीं नगरें घेतल्याचें व हिज्कीयास पिंजऱ्यांतील पक्ष्याप्रमाणें यरुशलेमांत कोंडल्याचें तो सांगतो. यरुशलेम घेतलें असें मात्र सांगत नाहीं. अशा समयीं शत्रूचें निंदापत्र हातीं येतांच हिज्कीया तें घेऊन मंदिरांत गेला व त्यानें तें परमेश्वरापुढें पसरलें. शत्रूचें बळ त्यानें लपविलें नाहीं. त्यानें सुटका मागितली, पण ती सर्व राज्यांस खरा देव कोण हें कळावें एवढ्यासाठीं.

२. प्रभूची प्रार्थना. वधस्तंभ जवळ आला तेव्हां प्रभूचा जीव व्याकूळ झाला, आणि तें त्यानें उघड सांगितलें. ह्या घटकेंतून सोडविण्याची मागणी करावी काय, असा प्रश्नहि त्याच्या मुखीं आला. तथापि ह्याच घटकेसाठीं आपण आलों हें ओळखून त्यानें पित्याच्या नांवाचें गौरव मागितलें.

३. दोन्हींचा ताळा. यरुशलेम वांचलें, प्रभु वधस्तंभावर गेला. मागणी एक, उत्तरें दोन, आणि दोहोंत देवाचें गौरव झालें. त्याच स्वारींत लाखीश नगर पडलें. तेथें प्रार्थना करणारा कोणीच नव्हता, असें कोण म्हणेल? म्हणून सुटका झाली तरच देवाचें गौरव झालें, असें माप आपण लावूं नये.

हें मीं उशिरां शिकलों. सेवेच्या पहिल्या वर्षीं एका तापकरी मुलाच्या उशाशीं मीं प्रार्थना केली, "प्रभो, हा उठला म्हणजे सारा गांव तुझें गौरव करील." तिसऱ्या दिवशीं मूल वारलें. लोक विचारूं लागले, "आतां तुमच्या देवाचें गौरव कोठें गेलें?" दोष माझा होता, मीं देवाच्या गौरवाला अट घातली होती. आधीं दे, मग गौरव करितों, हा नवस आहे. नवस तर आपण मागें टाकून आलों आहों. माती देऊन परतल्यावर त्या मुलाच्या आईनें दिवा लावला व प्रभूची प्रार्थना म्हणूं लागली. देवाचें नांव पवित्र मानलें जावो, एवढें म्हणून तिचा कंठ दाटला. ती म्हणाली, "पाळकसाहेब, आज एवढेंच म्हणवतें, बाकीचें उद्यां म्हणेन." प्रभूनें रोजच्या भाकरीच्या आधीं ती मागणी कां ठेविली, हें मला त्या अडाणी बाईनें शिकविलें.

४. उपदेशकांस सूचना. आजाऱ्यास दवाखान्यांत न्या. औषध हेंहि देवाचेंच दान आहे. बरें होण्यासाठीं मोकळ्या मनानें मागा. परंतु अमुक होईलच, असें वचन देवाच्या नांवानें देऊं नका. शोक करणाऱ्यास "विश्वास कमी पडला" असें कदापि म्हणूं नका, त्याच्याजवळ बसा.

प्रश्न : (१) हिज्कीयानें सुटका कशासाठीं मागितली? (२) नवस व प्रार्थना ह्यांत भेद काय? (३) तुमच्या आजच्या संकटांत देवाचें नांव कसें पवित्र मानलें जाईल?

प्रार्थना : हे बापा, आमचें दुःख तुजपुढें पसरितों. तुझ्या इच्छेस येईल तर सोडीव. न सोडविलेंस तरी आमच्या घरांत तुझ्या नांवाला बट्टा लागूं देऊं नको. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.