मार्कर, स्केचपेन आणि आजीचं लुगडं

मेकॅनिकलच्या पोराने फॅशनच्या चित्रांवर लेख लिहायचा म्हणजे जरा अतीच झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण झालं असं की, मागच्या गॅदरिंगला भातलावणीचा नाच बसवायचं ठरलं. मी किन्हवलीचा, शहापूर तालुक्यातल्या भातशेतीच्या गावचा. त्यात माझ्या ड्रॉइंगच्या शीट बऱ्या येतात. मग काय, कपड्यांची चित्रं काढून टेलरला द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

दोन रात्री जागून मी एक चित्र काढलं. उंच, सडपातळ बाई आणि मार्करने रंगवलेलं हिरवंगार लुगडं. रूमवर वाहवा झाली. शनिवारी एस.टी.ने घरी गेलो आणि मोठ्या रुबाबात ते आजीला दाखवलं. तिने चष्मा पुसला, चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, “हिनं लुगडं नेसलंय का गुंडाळलंय? आवणीला वाकली तं सुटंल ना रं!”

वायवाला पहिल्याच प्रश्नाला दांडी उडावी, तसं झालं. पण आजीने बोट नेमक्या चुकीवर ठेवलं होतं. फॅशनचं चित्र नुसतं छान दिसण्यासाठी नसतं. कापड अंगावर कुठे बांधलंय, कुठे ताणलंय, कुठे सैल पडलंय हे त्यातून शिवणाऱ्याला कळलं पाहिजे. आपल्या वर्कशॉपच्या ड्रॉइंगसारखंच ते.

हा रस्ता किती लांब जातो, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया (१९२९–२०२०), मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. ‘ईव्हज वीकली’ या साप्ताहिकात त्या फॅशनची चित्रं काढत. पुढे त्याच्या संपादिकेने बुटीक उघडलं आणि त्यांनाच कपडे तयार करायला सांगितलं. तिथून त्या सिनेमात आल्या. ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. सुरुवात मात्र कागदावरच्या चित्रांनी झाली होती.

आता मी चुकतमाकत जे शिकलो, ते सांगतो.

साहित्य

महागडे मार्कर नसले तरी अडत नाही. एक २बी पेन्सिल, स्केचपेनचा सेट, काळं बारीक पेन, पांढरं जेल पेन आणि गुळगुळीत जाड कागद एवढं पुरे. स्केचपेनची शाई पाण्यातली असते. एकाच जागी चारदा घासली की कागदाचा भुगा निघतो. अल्कोहोलच्या शाईचे मार्कर छान मिसळतात, पण कागदातून आरपार जातात. म्हणून खाली रद्दी शीट ठेवा, नाहीतर जर्नलचं पुढचं पान हिरवं झालंच समजा. आणि आधी रंग, मग काळ्या रेघा. उलटं केलंत तर रेघा फिसकटण्याची भीती असते.

आकृती

खऱ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते. फॅशनच्या चित्रात ती नऊ डोकी धरतात आणि जादा लांबी मुख्यतः पायांना देतात. एक उभी रेघ मारून नऊ सारखे भाग करा. पहिल्या भागाखाली हनुवटी, तिसऱ्याखाली कंबर, चौथ्याखाली मांड्यांची सुरुवात, सहाव्याखाली गुडघे आणि आठव्याखाली घोटे.

बाई एका पायावर भार देऊन उभी असेल, तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या पावलावर यायला हवा. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा खाली येतो. हे जमलं नाही, तर चित्रातली बाई पडते. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी इथेही पाठ सोडत नाही!

कापड

माझी खरी चूक इथे होती. घड्या दिसायला बऱ्या वाटतील तिथे मी त्या काढल्या होत्या. आजीने मला उभं केलं आणि माझ्या पँटवरच लुगडं नेसवलं. (बहीण हसून हसून लोळली, तो भाग सोडा.) नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. आधी कंबरेला घट्ट गाठ, मग निऱ्यांचा ओचा, मग पायांमधून मागे घेऊन खोचलेला कासोटा. “आता वाक,” ती म्हणाली. वाकलो, तर कासोटा मागे ताणला गेला, पण गुडघे मोकळेच राहिले. चिखलात दिवसभर वाकायचं, तर कापड असंच बसायला हवं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा तर फ्री बॉडी डायग्राम! कापड जिथे धरलंय ते बिंदू आधी शोधायचे: कंबरेची गाठ, मागची खोच, खांद्यावरचा पदर. प्रत्येक घडी अशा एखाद्या बिंदूपासून निघते आणि जिथे ताण संपतो तिथे विरते. कुठून निघाली ते सांगता येत नसेल, तर ती घडी खोडून टाका.

रंग

उजेड एकाच बाजूने येतोय असं धरा. फिका रंग एकाच दिशेने, न थांबता भरा. मध्ये थांबलात तर पट्टे दिसतात. घडीच्या उजेडाकडच्या कडेला कागद कोरा सोडा. रंग वाळला की सावलीत त्याच रंगाचा दुसरा हात द्या. अगदी खोल जागी तेवढा गडद रंग वापरा. सुती लुगड्याला उजेड-सावलीतला फरक कमी ठेवा. रेशमाला तो जास्त आणि धारदार लागतो. जरीच्या काठाला आधी मातकट पिवळा, त्यावर तपकिरी ठिपके आणि शेवटी पांढऱ्या जेल पेनचे दोन-चार ठिपके. मग हात आवरा. माझी निम्मी चित्रं “अजून थोडं” करण्यातच बिघडली आहेत.

नाच झाला, कपडे बरे झाले. पण माझं काम तिथे संपलं नाही. आमच्या घरात आता लुगडं नेसणारी आजी एकटीच. आई सहावारी नेसते, बहीण ड्रेस घालते. आजीचा फोटो काढला तर नेसलेलं लुगडं दिसेल, पण गाठ कुठली, ओचा कसा, कासोटा कुठून घेतला ते त्यात दिसत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी सहा शीट काढल्या, गाठीपासून पदरापर्यंत एकेक पायरी. आजीने एकेक नीट तपासली. दोन परत काढायला लावल्या.

शेवटी म्हणाली, “समदं बरोबर हाय. पन त्वांड कुठंय माझं?”

फॅशनच्या चित्रात चेहरा बऱ्याचदा कोराच ठेवतात, हे तिला कसं सांगू? सहाव्या शीटवर मी तिचा चेहरा काढला, सुरकुत्यांसकट.

तुमच्याही घरी असं कुणी असेल. या सुट्टीत स्केचपेन घेऊन जा, आणि चित्र आधी त्यांनाच दाखवा. त्यांच्यासारखा एक्स्टर्नल मिळणार नाही.