डबा त्यांचा, शिधा आपला

प्रश्न : घरातला टॉवरवाला कॉम्प्युटर आता थकला आहे. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले आणि विंडोज ११ तो घेत नाही. बारावीतला मुलगा म्हणतो, ‘बेअरबोन’ आणू आणि घरीच जोडू. दुकानदाराने दाखवलेला डबा आमच्या कुकरपेक्षा लहान. किंमत सांगितली आणि वर म्हणाला, यात प्रोसेसर, रॅम, डिस्क काही नाही! मग पैसे कशाचे? आणि घ्यायचाच तर काय बघून घ्यायचा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कुकर तुम्ही सहज लिहून गेलात, पण हे डबेही कुकरसारखे लिटरमध्येच मोजतात. ॲसरॉक कंपनीचा डेस्कमिनी दोन लिटरला जरासा कमी, त्यांचाच डेस्कमीट आठ लिटरचा. नेहमीचा टॉवर चाळीसच्या घरात जातो. पैसे आहेत ते कॅबिनेट, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा या तिघांचे. तिन्ही एकमेकांच्या मापाने बेतलेले असतात आणि एवढ्याशा जागेत ते बेतणं हेच खरं काम. बाकीचा शिधा ज्याचा त्याने आणायचा. ही चाल जुनी आहे. तैवानच्या शटल कंपनीने २००१ मध्ये असा छोटा बेअरबोन बाजारात आणला. पुढे इंटेलने चार इंची बोर्डाचा ‘नक’ काढला. २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतलं आणि ते काम असुसकडे गेलं.

मुलाला आधी एक विचारा : तुला नेमकं काय जोडायचं आहे? नकसारख्या डब्यांत प्रोसेसर बोर्डावरच डाग देऊन पक्का केलेला असतो. आपण फक्त रॅम आणि एसएसडी बसवायची. पंधरा मिनिटांत खेळ आटोपतो. डेस्कमिनीत प्रोसेसरसाठी सॉकेट असतं, म्हणजे प्रोसेसर आपण निवडायचा आणि पुढे बदलायचाही. शिकायचं असेल तर मी दुसऱ्या जातीचा डबा घेईन.

आता ‘काय बघून’. डब्यात काय काय बसतं ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं. काय बसत नाही ते कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं. ते आधी वाचा. मी वाचलं नव्हतं. पहिला डबा जोडला तेव्हा प्रोसेसरबरोबर फुकट आलेला पंखा मोठ्या कौतुकाने बसवला, चारही स्क्रू आवळले आणि झाकण लावायला गेलो तर ते टेकेचना. पट्टी घेऊन मोजलं : पंखा ५४ मिलिमीटर उंच, आत जागा ४६. आठ मिलिमीटरसाठी दुसरा, बुटका पंखा आणेपर्यंत तो कॉम्प्युटर झाकणाविना, पोह्याच्या परातीसारखा उघडा पडून होता. त्यामुळे कूलरची कमाल उंची कागदावर सर्वांत वर लिहा. नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिलिमीटरचा आहे, तशा जातीचे पंखे इथे चालतात.

दुसरी मर्यादा विजेची. डेस्कमिनीत एसएमपीएस नसतो, लॅपटॉपसारखा बाहेरचा १९ व्होल्टचा अडॅप्टर असतो, १२० वॉटचा. म्हणून प्रोसेसर ६५ वॉटपर्यंतचाच घ्यायचा. ग्राफिक्स कार्डाला जागा नाही, वीजही नाही. चिरंजीवांच्या मनात मोठे गेम असतील तर ते आत्ताच कबूल करून घ्या, म्हणजे तुमची गाडी आठ लिटरच्या डब्याकडे वळेल. त्यात स्वतःचा एसएमपीएस असतो आणि २० सेंटिमीटर लांबीपर्यंतचं कार्ड बसतं.

कार्ड नाही म्हटल्यावर चित्र दाखवायचं काम प्रोसेसरनेच करायचं, आणि इथे एका अक्षराने फसगत होते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतलात तर कॉम्प्युटर चालू होईल, पंखा फिरेल आणि पडदा काळाच राहील. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर घेत असाल तर शेवटी ‘जी’ असलेला बघा, उदाहरणार्थ रायझेन ५ ५६००जी. पडदा काळा राहण्याचं आणखी एक कारण असतं. बोर्डावरचा बायोस जुना आणि प्रोसेसर त्याच्यानंतर निघालेला, तर सॉकेट तेच असूनही तो ओळखला जात नाही. दुकानदाराला सरळ म्हणा, ‘याच प्रोसेसरवर चालवून दाखवा, मग पैसे देतो.’

डेस्कमिनीला रॅम लॅपटॉपची लागते. मोठ्या कॉम्प्युटरची पट्टी सव्वातेरा सेंटिमीटरची, ही जेमतेम सात. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पण रॅमच्या बाबतीत खरी मेख वेगळीच आहे. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, याच रॅममधून उसनी घेतं. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन्ही वाटांनी माल येतो आणि चित्राचा वेग चांगलाच वाढतो. दुकानात एकच पट्टी गळ्यात मारतात, ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून. ऐकू नका.

डिस्कची कटकट नाही. एम.२ एसएसडी २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, एका स्क्रूवर बसते. तो स्क्रू मात्र बशीत काढून ठेवा; फरशीवर पडला की तासभर गेला.

जोडणं अवघड नाही. कपाटाच्या किंवा कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिरवीज उतरवायची आणि प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा. एएम४ ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, इंटेलला सॉकेटमध्ये. दोन्हीकडे नियम एकच : प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. आपल्या वजनाने तो खाली बसतो.

आता पैशाचं. सगळं मिळून तयार मिनी पीसीपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही, बहुतेकदा पडत नाही. विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो (लिनक्स मिंट फुकट आहे आणि त्यात मराठी टंकलेखन नीट चालतं). काही डब्यांत वायफायही नसतं, त्याचं कार्ड नि अँटेना वेगळ्या घ्याव्या लागतात. केवळ बचत हवी असेल तर ऑफिसांतून निघालेले नूतनीकृत थिंकसेंटर टायनी किंवा ऑप्टिप्लेक्स मायक्रो बघा, तेही लिटरभराचेच असतात. फक्त विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का ते विचारून घ्या. पण चार वर्षांनी प्रोसेसर बदलता यावा, अडॅप्टर गेला तर फक्त अडॅप्टर आणावा आणि बारावीतल्या मुलाच्या हाताला स्क्रूड्रायव्हर लागावा, असं वाटत असेल तर बेअरबोन घ्या.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर यादी मॉडेल क्रमांकांसकट लिहून न्या. ‘सेमच आहे’ हे तिथलं पालुपद आहे. प्रत्येक भागाची वॉरंटी निरनिराळी असते, म्हणून बिलावर प्रत्येकाचा सिरियल नंबर घालून घ्या.

प्रश्न : अशाच डब्यात जुन्या कॉम्प्युटरमधलं काय वापरता येईल?
— एक वाचक, कराड

उत्तर : मॉनिटर, कीबोर्ड, माउस. मॉनिटरला फक्त जुनं निळं व्हीजीए तोंड असेल तर डब्यामागे ते आहे का बघा. अडीच इंची एसएसडी किंवा हार्ड डिस्क डेस्कमिनीसारख्या डब्यात बसते, पण तिची वायर वेगळी, बारकी असते आणि ती खोक्यातच येते. थर्माकोलबरोबर फेकली जाते ती नेमकी हीच. साडेतीन इंची मोठी डिस्क आत जाणार नाही. तिला बाहेरचं यूएसबी घर घ्या, त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरसकट.